मयताची सही

कालिंदीने विश्वेश्वर पौराणिकांच्या नावाच्या फॉर्मवर ‘मयत’ असा शेरा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. गंगेकाठच्या दुर्गाघाटाची मतदारयादी तिच्याकडे यंदाच आली होती. सरकारी शाळेतली बाई ती, हाती घेतलेलं काम चोख करणारी. नऊशे बारा नावं तिने उंबरे झिजवून तपासली होती. जिवंत माणसाचं नाव कापलं जाऊ नये आणि गेलेल्याच्या नावावर भलत्याच कोणी मत टाकू नये, एवढाच तिचा हट्ट.

हे शेवटचं नाव मात्र घरचं कोणी न भेटताच निकालात निघालं. दोनदा गेली, दोनदा दार बंद. आज यादी द्यायचा शेवटचा दिवस. तेवढ्यात गल्लीत गोपीनाथ गुरुजी भेटले. इथलं प्रत्येक बारसं आणि प्रत्येक बारावं त्यांच्याच हातचं. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाबद्दल “आहेत की गेले?” असं तोंड उघडून विचारणं बरं दिसत नाही. म्हणून तिने आडून विचारलं,

“गुरुजी, पौराणिककाकांचं श्राद्ध झालं का हो?”

“झालं की! माघात मीच करवलं. अगदी यथासांग,” गुरुजी म्हणाले आणि यजमान खोळंबलेत म्हणून लगबगीने घाटाच्या पायऱ्या उतरले.

गंगा उलटी वाहील, पण गुरुजी खोटं बोलायचे नाहीत. कालिंदीने शेरा मारला तो त्याच भरवशावर. तरी त्या फॉर्मवरची एक चौकट रिकामी राहिली होती, घरच्या माणसाच्या सहीची. रिकामी चौकट तिला शाळेतल्या पोरांच्या पेपरातसुद्धा चालत नसे. ती चडफडत तिसऱ्यांदा तो अरुंद जिना चढली.

या वेळी दार उघडलं. खांद्यावर गमछा टाकलेले एक म्हातारे गृहस्थ समोर उभे होते.

“नमस्कार काका. मी बीएलओ, मतदारयादीचं काम करते. या घरचे विश्वेश्वर पौराणिक वारले ना, त्यांच्या फॉर्मवर घरच्या कोणाचं तरी दस्तखत हवंय.”

“आण इकडे, करतो. विश्वेश्वर मीच.”

कालिंदीने हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. चांगला हिंडताफिरता माणूस तिने पेनाच्या एका फटक्यात मारला होता.

“पण गुरुजी तर म्हणाले, श्राद्ध झालं...”

“झालंच ना. माझं मीच घातलं. मागे कोणी नाही, मग जिवंतपणीच पिंड देऊन मोकळा झालो. शास्त्रात आहे ते.” त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. “काटून टाक नाव. स्वतःचं श्राद्ध घातलेल्याला मताची काय जरूरत? मला आता स्वतःसाठी काही म्हणजे काही नको.”

त्यांनी सही केली असती तर कोणी हूं की चूं केलं नसतं. कालिंदीने फॉर्म मागे ओढला. ‘मयत’वर आडवी रेघ मारली, बाजूला लिहिलं, ‘समक्ष भेटले. चूक माझी,’ आणि खाली स्वतःची सही ठोकली.

“काका, स्वतःसाठी काही ना काही हवं असलेले माझ्या यादीत नऊशे अकरा आहेत. काहीच नको असलेले तुम्ही एकटे. तुमचं नाव मी कापायची नाही.”

म्हातारबुवांनी त्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं.

“मतदान कुठे असतं यंदा?”

“कोपऱ्यावरच्या शाळेत. पण तुम्ही जिना उतरायचाच नाही. पंच्याऐंशीच्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात. एक फॉर्म भरायचा, बस.”

“छे छे, घरी नको. या गल्लीतून चौघांच्या खांद्यावरून जायची सगळी तयारी झालीय. त्याआधी एकदा आपल्या पायांनी जातो.”