पंपावरचे वाटाणे

चंद्रावरच्या वसाहतीत प्रयोग कुणी करत नसे. काहीही विचारलं की भिंतीतलं ‘जाणता’ नावाचं यंत्र लगेच उत्तर देई. म्हणून कर्णिकबाईंनी नववीच्या वर्गाला त्याला न विचारता एक प्रश्न सोडवायला सांगितला, तेव्हा पोरं गांगरली.

वैदर्भीकडे मात्र प्रश्न तयार होता. हरितगृहात पंपाजवळचे वाटाणे उंच का होतात? जाणता म्हणे, तिथे उजेड जास्त आहे. तिला वाटे, पंपाच्या थरथरीमुळे. तिने दोन ट्रेंत वाटाणे पेरले, माती, पाणी आणि उजेड सारखा ठेवला, पण एकच ट्रे पंपावर ठेवला. दहा दिवस पट्टीने मोजून वहीत लिहिलं.

अकराव्या दिवशी ती धावतच वर्गात शिरली. “बाई, पंपावरचे चार सेंटिमीटरने जास्त उंच! जाणता चुकला!”

वर्गात एकच आरडाओरडा झाला. बाईही हसल्या. “शाब्बास! पण पंप गरमही असतो ना? मग थरथरीमुळे वाढले की उबेमुळे?”

वैदर्भीचा चेहरा पडला, आणि दुसऱ्याच क्षणी खुलला.

“तिसरा ट्रे लावू! ऊब द्यायची, पण हलू द्यायचा नाही!”

सगळा वर्ग तिच्यामागे हरितगृहाकडे पळाला. भिंतीतून जाणत्याने दोनदा विचारलं, “काही मदत हवी का?”

कुणाचं लक्षच नव्हतं.