पुढचं कडवं

क्लुज शहरातल्या त्या मुलींच्या होस्टेलात अख्ख्या मजल्याला मिळून एकच न्हाणीघर, आणि त्याचीही कडी तुटलेली. म्हणून जी आत असेल तिने गात राहायचं. गाणं ऐकू आलं की बाहेरचीने दार ढकलायचं नाही. इलिंकाला गाणं एकच यायचं, त्याचंही पहिलं कडवं तेवढं.

आज शॉवरखाली शॅम्पूचा फेस तोंडात गेला आणि ती गायची थांबली. तेवढ्यात दार किलकिलं झालं, पण लगेच पुन्हा लागलं.

"चुकलं गं बाई!" बाहेरून झाम्फिरा हसली. "रोज तेच तेच ऐकून कान किटले होते आमचे. दुसरं कडवं कधी शिकलीस?"

इलिंकाने घाईघाईने शॉवर बंद केला.

तिच्या अगदी पाठीमागे कुणीतरी तिसरं कडवं सुरू केलं.