हिरवं रक्त

“रक्त दिसतंय ना? मग नाकारा,” स्क्रीनकडे न बघताच बोंद्रेसाहेब म्हणाले.

ऑनलाइन दुकानात येणारे गेम तपासणं ही वैजयंतीची नोकरी. समोरचा गेम सांगलीकडच्या एका रक्तपेढीतल्या बाईंनी शाळकरी मुलांसाठी केला होता. रक्तदात्यांना चहा-बिस्किटं द्यायची आणि रक्ताची पिशवी वेळेत रुग्णापर्यंत पोचवायची, एवढाच खेळ.

“सर, सकाळी तो मुंडकी छाटायचा गेम तुम्हीच पास केलात.”

“त्यात रक्त हिरवं होतं, राक्षसांचं. नियमात बसतं. बाईंना कळवा, रंग बदला.”

अकलेचे तारे साहेबांनी तोडायचे आणि पत्राखाली नाव मात्र वैजयंतीचं! तिने दात-ओठ खात तसं कळवलं.

जेवणाच्या सुट्टीआधीच बाईंचं उत्तर आलं. वैजयंतीने ते सगळ्या टीमसमोर मुद्दाम मोठ्यानं वाचलं: “रंग बदलते, मॅडम. पण हिरवं रक्त कुठल्या रुग्णाला चढवायचं, तेवढं साहेबांना विचारून कळवा.”

सगळे माना खाली घालून हसले. साहेब मात्र गंभीर झाले. त्यांनी नियमावली उघडून दोन पानं चाळली.

“राक्षसांना चढवा म्हणावं,” ते म्हणाले. “त्याला आपली हरकत नाही.”