मेव्हण्याची टाकी

दुसरा फटका मेतवल्लीच्या जबड्यावर बसला. तो आपल्या चीजच्या कारखान्यामागच्या टाकीवर आदळून खाली घसरला. थुंकला तेव्हा रक्ताबरोबर दात पडला. राघिबने कुदळीचा दांडा पुन्हा सावरून धरला.

राघिब मेतवल्लीच्या बहिणीचा, नामातचा नवरा, इजिप्तच्या दक्षिणेतून दमियातला आलेला घरजावई. टाकीला लागून नामातच्या वाट्याची दोन फद्दान, म्हणजे दोनेक एकर जमीन होती, सगळी चोपण. पाणी वर तुंबायचं, खाली मुरायचं नाही. बांधालगतचा एक तुकडा तेवढा हिरवा. नामात घरी करीश चीज करायची आणि चटईतून गळलेली आंबट निवळ तिथे ओतायची. तिथली माती भुसभुशीत झाली होती, बरसीमचा चारा गुडघ्याला लागत होता. पण बादलीने दोन फद्दान कधी भिजायचे? मेव्हणा मात्र कारखान्यातली टाकीच्या टाकी निवळ नाल्यात सोडायचा आणि मागितली की नाही म्हणायचा.

"नाल्याला पाजशील, बहिणीच्या शेताला नाही. जमीन पडीक राहिली की फुकटात घ्यायचीय ना?"

मेतवल्लीने पुन्हा तेच सांगितलं. घरचं करीश अळणी असतं. कारखान्यात पांढऱ्या चीजसाठी आधी दुधातच मीठ घालतात, मग ते विरजतात. ही निवळ पाजली तर उरलीसुरली माती मरेल.

दुधात मीठ घालतात हे राघिबने गावाकडे कधी ऐकलं नव्हतं. त्याने तोटीखाली पेला भरला आणि मेव्हण्याच्या तोंडाला लावला.

"पी आणि सांग."

"खारट आहे, दाजी."

"तोंडात रक्त आहे तुझ्या. खारटच लागणार."

त्याने कुदळ उलटी धरून तोटीच तोडली. निवळ धो धो पाटात पडली, आधी हिरव्या तुकड्यात शिरली, मग शेतभर पसरत गेली. एक शिंतोडा राघिबच्या ओठावर उडाला. त्याने तो चाटला. त्याच्या तोंडात रक्त नव्हतं.

त्याने तळहाताने भोक दाबलं, मग अंगातला सदरा काढून कोंबला. धारेने सदरा फेकून दिला.

आवाज ऐकून नामात घरातून धावत आली. बरसीम बुडाला होता. तिने पाटात बोट बुडवून जिभेला लावलं.

"हे कुणी सोडलं?"

मेतवल्लीने बोलायला तोंड उघडलं, तोच तिसरा फटका बसला.

"तुझ्या भावानं," राघिब म्हणाला.