बायकांच्या बाजूला

मुकादम दत्तरावानं संघप्रियाला केसाला धरून बायकांच्या संडासातून बाहेर ओढलं, तेव्हा तिच्या परकराची नाडीही बांधून झाली नव्हती. एका हातानं परकर सावरत, दुसऱ्या हातानं ती त्याचं मनगट सोडवू पाहत होती. पाथरी रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. कापसाच्या ढिगाजवळ दहा-पंधरा बाया उभ्या होत्या. कुणीच हललं नाही.

कामाला लागताना तिनं तृतीयपंथी असल्याचं सरकारी ओळखपत्र दाखवलं होतं. तरी तिला गड्यांच्या संडासात जायला सांगितलं. तिथं एकदा तिघं आत घुसले. तेव्हापासून ती दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची नाही. आज लघवीची आग सोसवेना, म्हणून ती इकडं गेली होती.

तिनं कमरेचं ओळखपत्र काढून पुढं धरलं. दत्तरावानं ते हिसकून फेकलं आणि फावड्याचा दांडा उचलला. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा तोंडावर. ती कापसाच्या ढिगावर आपटली. तुटलेला दात रक्तासकट जिभेवर आला.

"तिकडं सरक," दत्तराव म्हणाला, "माल खराब व्हायलाय."

आरडाओरडा ऐकून मॅनेजर आला. त्यानं दत्तरावाला काही विचारलं नाही. संघप्रियापुढं कागद धरला आणि मशीनच्या पट्ट्यात पदर अडकून पडले असं लिहून दे, म्हणाला. तिनं नकारार्थी मान हलवली. तोंडातून रक्त गळत होतं, तरी हलवली. मग त्यानं बायांकडं वळून विचारलं, कुणी काही पाहिलं का?

बायांनी माना खाली घातल्या. एकटी म्हातारी कुसुमबाई पुढं आली. संघप्रियाला आपल्या संडासात येऊ देऊ नका, या अर्जावर पहिला अंगठा तिचाच होता. संघप्रियानं डोळे मिटून घेतले.

"म्या पाह्यलं," कुसुमबाई म्हणाली. "ह्यानं दांड्यानं मारलं."

दत्तराव उसळला. तुझ्याच अर्जापायी हे झालं, म्हणत त्यानं म्हातारीच्या कानशिलात लगावली. कुसुमबाई गुडघ्यावर पडली. तिथंच बसून म्हणाली, "अंगठा दिला ते खरं हाय. मारा म्हणून न्हवता दिला."

मग मात्र बाया धावल्या. त्यांतल्या शीलानं दांडा हिसकला, दोघींनी दत्तरावाला आडवं पाडलं. लाथा बसू लागल्या. शीलानं दांडा त्याच्या डोक्यावर उगारला, तेव्हा संघप्रिया रांगत येऊन तिच्या पायाला बिलगली. शब्द नीट फुटत नव्हते.

"नको, शीला. माजी केस हातची जाईल. ठाण्यात चल."

दांडा शीलाच्या हातातच राहिला. तो घेऊनच बाया फाटकाबाहेर पडल्या. मॅनेजर मागून ओरडत होता, उद्यापासून कामावर येऊ नका. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

रस्त्यावर त्यांनी प्रवासी जीप थांबवली. ड्रायव्हरनं संघप्रियाचं तोंड पाहिलं, मग तिला न्याहाळलं आणि मागच्या पायरीकडं बोट दाखवलं. ती सवयीनं मागं जाऊन दांडीला लटकली.

कुसुमबाईनं आतून तिचा हात धरला.

"आत ये. तिथं गडी उभे राहतेत."