तिसरा एसी

इस्पितळाच्या गच्चीवरचा तिसरा एसी वीज फार खायचा, म्हणून तो दुपारपासून कायमचा बंद करायचं ठरलं होतं. त्याच्याच खालच्या वॉर्डात मेकॅनिकची बायको तापाने फणफणली होती. "तासाभरात याची भूक कमी करून दाखवतो," असा शब्द देऊन तो भर उन्हात वर चढला.

त्याने जाळीतली धूळ धुतली, पंख्याचा पट्टा आवळला. मीटरचा आकडा उतरू लागला, तसा तो खूश झाला. पण आकडा उतरतच राहिला आणि शून्यावर येऊन थांबला. पंखा मात्र फिरत होता.

त्याने खटका पाडला. पंखा फिरतच राहिला.

एसी खोलीतली उष्णता जिथून बाहेर फेकतो, तिथे त्याने हात धरला. वारा बर्फासारखा गार होता. मग उष्णता जात होती कुठे?

बायकोचा फोन आला. "अहो, ताप उतरतोय बघा! मेला तो एसी, आत्ता कुठे माणसात आला. बंद नका हं करू."

"नाही करत," तो म्हणाला.

चपलेतूनही गच्ची गार लागत होती. त्याने हळूच मान वर केली. डोक्यावरच्या सूर्याकडे आता डोळे न दिपता बघता येत होतं.