साधा भूतकाळ

"काका गेले?" मास्तरीणबाईंनी दारातूनच कुजबुजत विचारलं.

"गेले," काकू म्हणाल्या. "ये आत."

मास्तरीणबाई म्हणजे वरच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी. हे नाव काकूंनीच ठेवलेलं आणि तिला ते भलतंच आवडायचं. शाळेत ती परवापरवापर्यंत उत्तर येत असूनही हात वर करत नसे. इथे मात्र ती फूटपट्टी टेबलावर आपटून इंग्रजी शिकवायची. हळूच आपटायची, कारण काकांना या शिकवणीचा पत्ता नव्हता.

लागला असता तर काय झालं असतं, ते दोघींना ठाऊक होतं. मागे एकदा गादीखाली व्याकरणाचं पुस्तक सापडलं, तेव्हा काकांनी ते टराटरा फाडून खिडकीबाहेर भिरकावलं होतं. "पुन्हा दिसलं तर बोलायला तोंडच ठेवणार नाही," हे त्यांचं ओरडणं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं होतं. त्यानंतर बरेच दिवस काकू एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे घालून वावरत होत्या.

आणि उद्या मुलाखत होती. दातांच्या दवाखान्यात, काउंटरवर बसायचं काम. नोकरी लागली की काकू बहिणीकडे निघून जाणार होत्या, कायमच्या. हे गुपित मास्तरीणबाईंच्या पोटात मावता मावत नव्हतं.

ती चपला काढायला वाकली. काकांचे काळे बूट तिथेच होते.

"काकू, बूट?"

"राहिले इथेच. बस तू. आज चहा नाही हं देत, सरबत घे."

चहाचं पातेलं घासून ओट्यावर उपडं घातलेलं होतं. काकूंनी ते उचललं आणि परत घासायला घेतलं.

"अहो, लख्ख आहे की ते!"

"अजून एक हात मारते. तू सुरू कर."

आतल्या खोलीचं दार बंद होतं. मुलगी नेहमीसारखी जिन्याच्या बाजूच्या खुर्चीत बसली. तिथून पावलं आधी ऐकू यायची.

"हं. साधा भूतकाळ. जे रोज घडतं, ते वर्तमानकाळात. जे झालं, संपलं, ते भूतकाळात. कळलं?"

"मला आपलं वाटायचं, भूतकाळ म्हणजे भुतांचा काळ," काकू म्हणाल्या आणि चक्क हसल्या.

काकूंचा भूतकाळ म्हणजे आजवर नुसती बोंब होती. 'गो'चं 'गोएड', 'ड्रिंक'चं 'ड्रिंक्ड'. मास्तरीणबाईंनी देव पाण्यात ठेवायचेच बाकी होते.

"मुलाखतीत घरच्यांबद्दल विचारतात. म्हणून काकांवरच वाक्यं करा. ड्रिंक."

"माय हजबंड ड्रँक टी."

"ड्रँक! अय्या, बरोबर!" मुलगी खुर्चीतच उडाली. "पण काका तर रोज चहा पितात ना? मग 'ड्रिंक्स' म्हणायचं. बरं, स्लीप."

"माय हजबंड स्लेप्ट."

"शाब्बास! पण झोपतातही रोजच. ब्रेक?"

"ही ब्रोक माय हँड."

मुलीची फूटपट्टी हवेतच राहिली. ती हळूच म्हणाली, "हेही... रोजचंच?"

"नाही," काकू म्हणाल्या. "झालं, संपलं."

इतक्यात बंद दारामागे फोन खणखणला. मुलगी ताडकन उभी राहिली.

"काका आत आहेत?"

"ह्यांचा फोन आहे. वाजू दे."

फोन वाजत राहिला. अखेर तो थांबला.

"फोन राहिलाय म्हणजे न्यायला येतील ते! काकू, मी पळते. उद्या सकाळी लवकर..."

"नाही येणार. बस."

पण जिन्यात पावलं वाजली. जड, सावकाश, एकेक पायरी चढणारी. मुलीने शिकवणीचं पुस्तक फ्रॉकच्या आत कोंबलं आणि टेबलाखाली शिरली. पावलं दाराशी येऊन थांबली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

मग समोरचं दार उघडलं. कुणीतरी खोकलं.

"समोरचे आजोबा गं," काकू म्हणाल्या. त्या जागच्या हललेल्याही नव्हत्या. एरवी जिन्यात पाऊल वाजलं तरी त्यांच्या हातातलं भांडं पडायचं.

मुलगी टेबलाखालून बाहेर आली, गुडघे झटकले आणि काकूंकडे बघतच राहिली. भीती गेली होती यांची! पार गेली होती! इंग्रजीने एवढा फरक पडतो? म्हणजे आपल्या शिकवण्याने! तिला एकदम दोन इंच उंच झाल्यासारखं वाटलं.

"चला, शेवटची तालीम. मी डॉक्टर." तिने आवाज जाडा केला. "टेल मी अबाउट युअर फॅमिली."

काकू पातेलं हातात घेऊनच ताठ उभ्या राहिल्या. कुठेही न अडखळता म्हणाल्या, "आय हॅव वन सिस्टर. माय लेट हजबंड ड्रोव्ह अ क्रेन."

"ड्रोव्ह! आई शप्पथ!" मुलीने टाळ्या पिटल्या. मग तिला हसूच फुटलं. इतका वेळ दाबून ठेवलेली सगळी भीती त्या हसण्यातून बाहेर पडली. "अहो काकू, उद्या असं बोलाल तर फजिती होईल! काका घरी उशिरा येतात हे खरं, पण 'लेट हजबंड' म्हणजे उशिरा येणारा नवरा नव्हे. 'लेट हजबंड' म्हणजे वारलेला नवरा."

काकूंनी पातेलं ओट्यावर उपडं घातलं. हात स्वच्छ पुसले.

"मग चूक कुठे झाली, मास्तरीणबाई?"